इंजिन जपले, राख उपसणारे हात विसरले!

रेल्वे कार्यालयासमोर चौथऱ्यावर उभे केलेले वाफेचे जुने इंजिन आपण पाहिलेच असेल. काळाभोर रंग, खाली पाटी. पाटीवर कारखान्याचे नाव आणि साल. लोक फोटो काढतात आणि निघून जातात. आमचा प्रश्न साधा आहे : हे इंजिन चालते ठेवणाऱ्या माणसांची पाटी कुठे आहे?

खानदेशात रेल्वे आली १८६० च्या दशकात. भुसावळला मोठी लोको शेड उभी राहिली. पुढे चाळीसगाव-धुळे फाटा निघाला, पाचोरा-जामनेरची छोटी गाडी धावू लागली. हे सारे वाफेवर चालत होते, आणि वाफ फुकट तयार होत नाही. थंड पडलेला बॉयलर तापायला कित्येक तास लागत. धावत्या गाडीवर फायरमन फावड्याने भट्टीत कोळसा लोटत राही. फेरी संपली की भट्टीतले खंगर ओढायचे, राखेचा खड्डा उपसायचा, नळ्यांतली काजळी झाडायची, बॉयलरमध्ये साचलेला क्षार धुऊन काढायचा. इंजिनाचे आयुष्य या घामावर वाढत असे.

आणि इथेच जात येते.

१९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते रेल्वेने चाळीसगावला परतले. स्टेशनपासून महारवाडा दोन मैलांवर. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा नाही. वस्तीतल्याच एकाने, सवय नसताना, लगाम हाती घेतला. नदीच्या फरशीवर अपघात झाला. घोडा आणि टांगा नदीत कोसळले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. इंजिनाने बॅरिस्टर आंबेडकरांना चाळीसगावपर्यंत आणले. तिथून पुढे मात्र जात आडवी आली.

मग इंजिनाला जात नव्हती असे म्हणून आपण मोकळे व्हायचे का? मुळीच नाही! १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला, याच मुख्य मार्गावरच्या मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे रेल्वेचा जातीचा हिशेबच मांडला. अस्पृश्य माणूस गँगमन होऊ शकतो, पण पोर्टर होत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारखान्यात तो हमालच राहतो, मेकॅनिक क्वचितच होतो, फोरमनची जागा तर दूरच. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार, हा अर्थही त्यांनी तिथेच स्पष्ट केला. हा विचार पुस्तकातून आला नव्हता. रुळांवर आणि कारखान्यात राबणारी माणसे समोर बसली होती.

१९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. त्याला नाव मिळाले 'अंतिम सितारा'. लोखंडाला नाव मिळाले. राख उपसणाऱ्याला काय मिळाले?

इंजिन जपू नये असे आम्ही म्हणत नाही. जरूर जपावे, कारण त्यात आपल्या बापजाद्यांचे श्रम आहेत. पण जपणूक म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे. भुसावळ, चाळीसगाव, धुळे, पाचोऱ्याच्या वस्त्यांत शेडमध्ये आणि रुळांवर राबलेले वृद्ध आजही भेटतील. तरुणांनो, त्यांच्याकडे बसा. कोणते काम मिळाले, कोणते नाकारले, पाणी कुठे प्यायला मिळे, बढती कुणाची अडली, हे विचारा आणि लिहून घ्या. जुने पास, हजेरीची कागदे, हातकंदील भंगारात जाऊ देऊ नका.

पाटी रेल्वे लावेल तेव्हा लावेल. मजकूर मात्र आपणच तयार ठेवला पाहिजे.

जयभीम!