53-एन क्रमांकाच्या बाटलीपासून

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 जणांना प्लेगची लस टोचली गेली आणि त्यांतले 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांची लस एकाच, 53-एन क्रमांकाच्या बाटलीतली, मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत भरलेली. तिथले प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली होती, म्हणून चौकशीने दोष त्यांच्या माथी मारला. पुढे मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, याला महत्त्व आले आणि 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. 1925 मध्ये परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. हा न्याय उशिराचा, तरी मोलाचा. पण आपण नीट पाहिले, तर दोष फक्त एका माणसावरून दुसऱ्यावर सरकला होता. पडलेल्या चिमट्याचे काय करायचे हे त्या मदतनिसाला कोणी शिकवले होते, साथीच्या घाईत त्याच्यावर देखरेख कोणाची होती, हे प्रश्न मागेच राहिले.

ते प्रश्न मुंबईतच पुन्हा उभे राहिले. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण गेले. हा संसर्ग नव्हे, पण न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग खाटेपाशी थांबला नाही. औषधखरेदी, अन्न व औषध प्रशासन, थेट मंत्रालय अशा पायऱ्या तो चढत गेला. त्याचा अहवाल 1988 चा. अशाच पायऱ्यांचा विचार पुढे अपघातांच्या अभ्यासात आला: डेन्मार्कचे येन्स रासमुसेन यांनी अपघाताची कारणे कामगारापासून शासनापर्यंत थरांत मांडणारा नकाशा 1997 मध्ये पुढे आणला, नॅन्सी लेव्हसन यांचे नियंत्रणाच्या साखळ्या तपासणारे प्रारूप 2004 मध्ये आले. विचारांच्या या घराण्याच्या पूर्वजांत लेंटिन अहवालाला मानाचे स्थान मिळायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

इंग्लंडमध्ये मेडस्टन परिसरातल्या रुग्णालयांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जिवाणूच्या साथींत सुमारे 90 मृत्यू झाले. पॅट्रिक वॉटरसन यांनी 2009 मध्ये थरांचा हाच नकाशा त्या साथींना लावला. न धुतलेल्या हातांच्या वरच्या थरांत दाटीने लावलेल्या खाटा, परिचारिकांची टंचाई आणि आर्थिक उद्दिष्टांचा दाब दिसला.

हाच नकाशा घेऊन आता आपण पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात येऊ. इथला अत्यवस्थ रुग्ण बारामतीला, तिथून कधी पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवला जातो. रुग्णाबरोबर जंतूही प्रवास करतो. म्हणून इथल्या नकाशात रुग्णवाहिका, रेफरची चिठ्ठी आणि कल्चरचा म्हणजे जंतुतपासणीचा अहवाल कोणाच्या हाती कधी पोचतो, हेही आले पाहिजे.