अक्षर नातवाचे, अर्थ आजीचा

बावडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या हट्ट्यात आणि बालाघाटच्या दक्षिण पट्ट्यातील गावांत मराठी बोलणारी घरे आहेत. 1867 साली झालेला हा जिल्हा मध्य प्रांताचा भाग होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. शाळेची व कचेरीची भाषा हिंदी झाली. मराठी उरली ती घरात, आणि तीही बहुतांशी बोलण्यापुरती. अशा ठिकाणी कुटुंबांसाठी वाचनमेळावा भरवावयाचा, तर त्याने नेमके काय करावे?

यासंबंधी जुन्या ओसरीकडे पाहणे उद्‌बोधक ठरते. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ 1702 मधला, ‘पांडवप्रताप’ 1712 मधला. हे ग्रंथ एकट्या वाचकाकरिता रचलेले नव्हेत. चातुर्मासात पोथी लागे. वाचता येणारा घरात एखादाच, परंतु निरक्षर आजी, सुना, मांडीवरची पोरे, सारा गोतावळा त्याच्या अक्षरओळखीवर ग्रंथ ऐके. ओवी झाली की अर्थ सांगावा लागे, शंका निघत. त्या ओसरीवर कोणी बसावे याला जातीची रेघ होती, हेही विसरता कामा नये.

पुढील काळात भर पडली ती पुस्तक दारापर्यंत नेण्यावर. बडोदे संस्थानात 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शिकलेले अक्षर पुस्तकावाचून पुसले जाईल, हे जाणून सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, आणि खेडोपाडी ग्रंथपेट्या फिरू लागल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 2009 मधील ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम त्याच जातकुळीचा. महाबळेश्वरजवळील भिलार 2017 साली पुस्तकांचे गाव झाले, तेव्हा तर ग्रंथ लोकांच्या राहत्या घरांतच मांडले गेले. ही कामे मोलाचीच आहेत. मात्र पेटीतले पुस्तक ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यात मुकाट्याने वाचावयाचे असते. ओसरीवरचा तो ‘म्हणजे काय?’ पेटीतून येत नाही.

हट्ट्यासारख्या गावी नेमका तोच प्रश्न उपयोगाचा आहे. हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाला मराठी लिपी नव्याने शिकावी लागत नाही. देवनागरी त्याच्या हातची आहे, एक ‘ळ’ तेवढा हिंदीच्या वर्णमालेत भेटलेला नसतो. आजीला कदाचित वाचता येणार नाही, पण शब्द तिचे आहेत. जुन्या ओसरीवर वाचणारा मोठा आणि ऐकणारे लहान असत. येथे वाचणारा नातू आणि अर्थ सांगणारी आजी. मेळाव्याने व्याख्यात्यांची रांग लावण्यापेक्षा (आपल्याकडे ती फार लवकर लागते!) अशा जोड्यांना एका सतरंजीवर बसवावे, हाती मोठ्या टाइपाचे एकच पुस्तक द्यावे. नातू ‘आभाळ’ या शब्दाशी अडेल, ‘आभाल’ म्हणेल. आजी हसेल, आणि बोट वर करून त्याला तो शब्द म्हणून दाखवील.