मिठावरच्या कराची कुळकथा

भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, तळाशी धरलेलं मीठ ओढून बांधावर ढीग घालायचा. ठाण्याच्या खाडीकाठी कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांत मीठ असंच पिकत आलं. ढीग बांधावर चढला की सरकारचा हिशेब सुरू व्हायचा. मिठावाचून कोणाचंच चालत नाही, त्यामुळे हा कर कुणालाच चुकत नसे.

1837 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मणामागे, म्हणजे साधारण 37 किलोंमागे, 8 आणे बसले. 1844 मध्ये शहरांतल्या जकाती उठवल्या आणि ती तूट मिठातून भरून काढायला कर रुपयावर नेला. सुरतेत दंगा उसळला, तेव्हा सरकार 12 आण्यांवर उतरलं.

1857 च्या उठावाने तिजोरी रिती झाली. सरकारचा वित्त सदस्य जेम्स विल्सनने 1860 मध्ये प्राप्तिकर आणला. पैसेवाल्यांनी ओरड केली आणि तो 1865 मध्ये गेला. पुन्हा आणला, पुन्हा 1873 मध्ये गेला. मिठाचा कर मात्र चढतच राहिला. 1869 मध्ये 1 रुपया 13 आणे, आणि 1876-78 चा दुष्काळ चालू असतानाच अडीच रुपये! भाकरीला मिठाशिवाय दुसरी चव नसलेल्या घरालाही शेठजींच्याच दराने मीठ घ्यावं लागे.

दर मध्ये उतरून 1888 मध्ये पुन्हा अडीचवर गेला. 1902 च्या अर्थसंकल्पी भाषणात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी नेमका हाच कर धरला: तिजोरीत शिल्लक पडतेय, मग गरिबाच्या मिठावर अडीच रुपये कशाला? पुढच्याच वर्षी तो दोन रुपयांवर आला. त्याच अर्थसंकल्पात, एव्हाना परत आलेल्या प्राप्तिकराची सूटमर्यादा 500 वरून 1000 रुपये झाली. 1907 पर्यंत मणामागे फक्त रुपया उरला. खप वाढला. महसूल घटला खरा, पण दर जितका उतरला तितका नाही.

1923 मध्ये तूट आली आणि सरकारला पुन्हा मीठच आठवलं. केंद्रीय विधिमंडळाने नकार दिला, तरी व्हाइसरॉय रीडिंगने विशेषाधिकार वापरून मध्यंतरी सव्वा रुपया झालेला दर दुप्पट, अडीच रुपये केला. वर्षभरात तो मागे घ्यावा लागला.

गांधीजींनी 1930 मध्ये व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेल्या पत्रात मुद्दा तोच होता: गरीब माणूस श्रीमंतापेक्षा मीठ जास्त खातो, म्हणजे करही जास्त भरतो. दांडीनंतर मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर माणसं लोटली, लाठ्या खाल्ल्या. कर उठला तो 1947 मध्ये. 2017 च्या जीएसटीतही खाण्याचं मीठ शून्य दरात आहे.

कर गेला, पण सरकारचं मीठ खातं आणि मिठागरांच्या जमिनीवरचा त्याचा दावा राहिला. 2020 मध्ये राज्याने कांजूरच्या मिठागराची 102 एकर जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी दिली, तेव्हा ती आपली म्हणून केंद्र सरकार उच्च न्यायालयात उभं राहिलं आणि 16 डिसेंबरला कामाला स्थगिती मिळाली.