मंद नेत्रगती आणि मेंदूची चित्रे : मुंबईतील एका निरीक्षणाचा इतिहास

वाचकाची दृष्टी ओळीवरून संथपणे सरकत जाते असे वाटते. वस्तुतः ती लहानलहान उड्या घेत जाते. या उडीस शास्त्रात ‘सॅकेड’ म्हणतात. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदास 500 अंशांच्याही पुढे जातो. इच्छा होताच घडणारी ही क्रिया मेंदूच्या कोणत्या भागावर अवलंबून असते, या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचेही स्थान आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

डॉ. नोशिर वाडिया (1925–2016) हे इंग्लंडमधील शिक्षण आटोपून 1957 मध्ये मुंबईस परतले आणि तेथे त्यांनी मज्जातंतुरोगांचा विभाग उभा केला. चाल डळमळणे, हात थरथरणे, बोलणे जड होणे अशी लक्षणे असलेले आनुवंशिक विकार तेव्हा अपरिचित नव्हते. फ्रीडरायख यांनी 1863 मध्ये आणि पिएर मारी यांनी 1893 मध्ये त्यांची वर्णने केलेली होती. परंतु वाडिया व त्यांचे सहकारी स्वामी यांचे लक्ष काही रुग्णांच्या डोळ्यांकडे वेधले गेले. ‘उजवीकडे पाहा’ म्हटले असता या रुग्णांची बुबुळे उडी घेत नसत. जणू दाट तेलातून चालल्याप्रमाणे ती हळूहळू सरकत. अशा नऊ कुटुंबांचा वृत्तान्त लंडनच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकात 1971 मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ कोगन यांनी 1952 मध्ये जी जन्मजात विकृती वर्णिली, तीत मुलाला डोळा इच्छेनुसार वळविण्यास आरंभच करता येत नाही. म्हणून ते मान झटकून दृष्टी फिरविते. मुंबईच्या रुग्णांत आरंभ होत होता, हरवला होता तो वेग. दोन्हींस एकच नाव दिले असते तर पुढील शोधाची वाट चुकली असती.

त्या काळी जिवंत माणसाच्या मेंदूचे ऊतक पाहण्याचे साधन नव्हते. क्ष-किरणांत कवटी दिसे. हवा भरून काढलेल्या चित्रांत मेंदूतील पोकळ्यांची रूपरेषा तेवढी उमटे, आणि तीही रुग्णाला मोठ्या यातना देऊन. संगणकीय क्ष-किरणचित्राचा पहिला रुग्णावरील प्रयोग लंडनमध्ये 1 ऑक्टोबर 1971 रोजी झाला, म्हणजे वाडिया-स्वामींचा लेख निघाला त्याच वर्षी. त्यांच्यापुढे होते ते केवळ रुग्णाचे डोळे आणि वैद्याचे हलणारे बोट. त्यानंतरच्या दशकात माकडांवरील प्रयोगांतून असे दिसले की, मस्तिष्कस्तंभातील ‘सेतू’ या भागात काही पेशी उडीच्या क्षणभर आधी वेगाने स्पंदित होतात. त्या नष्ट झाल्या तर आडव्या दिशेची उडी मंदावते.

चुंबकीय अनुनादाची चित्रे आली तेव्हा अशा रुग्णांत सेतूचा पुढील फुगवटा चपटा झालेला व लहान मेंदूच्या घड्या झिजलेल्या दिसल्या. तथापि चित्राच्या सामर्थ्याचा फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही. उडी घडविणाऱ्या त्या मूठभर पेशी चित्रात वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि आकुंचन दिसू लागते तोवर पुष्कळ हानी होऊन गेलेली असते. उलट, क्यूबातील ओल्गीन प्रांतातील संशोधनात असे आढळले की, चाल बिघडण्यापूर्वीच दोषवाहक व्यक्तींच्या नेत्रगतीचा वेग मोजमापात कमी भरतो.

याच प्रांतातील कुटुंबांवरून 1993 मध्ये या विकाराचा संबंध बाराव्या गुणसूत्राशी जोडला गेला आणि 1996 मध्ये जनुक सापडले. त्यात एका तीन अक्षरी क्रमाची पुनरावृत्ती, जी निरोगी माणसात बहुधा 22 वेळा असते, ती वाढलेली असते. रोगग्रस्त आईबापांपैकी एकाकडूनही दोष येऊ शकतो. प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. रोग थोपविणारा उपाय अद्याप नाही. त्यामुळे तपासणी करून घ्यावी की नाही, हा निरोगी भावंडांपुढचा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेर जातो. वाडियांनी 1998 मध्ये सहा भारतीय वंशावळींचे जनुकीय परीक्षण ‘ब्रेन’मध्येच मांडले, आणि मंदावलेली उडी हेच या विकाराच्या निदानाचे महत्त्वाचे लक्षण असल्याचे त्यांनी दाखविले.