महानुभावांची दृष्टांतपद्धती आणि शिष्यांचे प्रश्न

महानुभाव ग्रंथांच्या भाषेची व तत्त्वज्ञानाची चर्चा विपुल होते. त्यांतून दिसणाऱ्या अध्यापनरीतीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष जाते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी लोकभाषेत निरूपण केले. स्वतः ग्रंथ लिहिला नाही. पुढे म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून आठवणी जमविल्या व ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. केसोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ रचला.

‘दृष्टांतपाठा’तील ११४ दृष्टांतांची मांडणी त्रिपदरी आहे. प्रथम सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. पहिली दोन अंगे स्वामींची, तिसरे केसोबासांचे. जात्यंध व हत्ती यांची कथा घ्यावी. ज्याच्या हाती पाय आला त्याला हत्ती खांबासारखा, ज्याच्या हाती कान आला त्याला सुपासारखा. उपमा घरातल्याच आहेत. त्यामुळे ज्ञानाच्या अपुरेपणासारखा सूक्ष्म विचार निरक्षर श्रोत्यालाही पडताळून पाहता येतो.

कथेइतकेच महत्त्व प्रश्नाला आहे. ‘लीळाचरित्रा’त अनेकदा निरूपणास निमित्त होतो तो शिष्याचा प्रश्न. विशेषतः महदाइसा सतत विचारीत राहते आणि परंपरेने तिच्या या जिज्ञासेचा दोष न मानता गौरवच केला आहे. ‘धवळे’ रचणारी आद्य मराठी कवयित्री हीच, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. केसोबास संस्कृताकडे वळू पाहत असता नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, कारण संस्कृतामुळे वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या, असे ‘स्मृतिस्थळ’ सांगते. भाषेची निवड येथे श्रोत्यांकडे पाहून झाली आहे.

तथापि या संवादांना आधुनिक वर्गचर्चेचे पूर्वरूप म्हणणे धाडसाचे होईल. ते स्मरणातून उतरलेले आहेत. शिवाय येथे अखेरचा शब्द गुरूचाच असतो. दार्ष्टांतिक तर कथेचा अर्थ निश्चित करून टाकते. अर्थ सुरक्षित राहतो, पण श्रोत्याने स्वतः तो शोधण्यास वाव उरत नाही.

तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या मंडळात स्त्रीचा प्रश्न ग्रंथात नोंदण्याजोगा मानला गेला, तेथे विद्येची गोडी केवळ पाठांतराने लागली नव्हती. शिक्षणाच्या मराठी इतिहासाचा आरंभ केवळ शाळांच्या स्थापनेपासून करणाऱ्यांनी या साक्षीचा विचार अवश्य करावा.