टमरेल, जेट स्प्रे की टॉयलेट पेपर? 'बिडे' म्हणजे नेमकं काय आणि पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात त्याचं गणित कसं बसतं?

मार्च 2020. कोरोनाच्या भीतीने अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातली माणसं दुकानांत घुसली आणि सगळ्यात आधी संपला तो टॉयलेट पेपर. रिकाम्या रॅकचे फोटो, रोलवरून झालेल्या भांडणांचे व्हिडिओ आपल्याकडे व्हॉट्सॅपवर पोचले. आपण त्याला टमरेलाचे फोटो टाकून उत्तर दिलं आणि हसलो. पण त्याच दिवसांत अमेरिकेत एका वेगळ्या वस्तूचा खप वाढला, ती म्हणजे 'बिडे'. कागदाने पुसण्याऐवजी पाण्याने धुण्याची सोय. थोडक्यात, आपण पिढ्यान्‌पिढ्या जे करतो ते, फक्त नळ जोडून.

हा बिडे आला कुठून?

बिडे हा फ्रेंच शब्द. अर्थ, छोटा घोडा. 18व्या शतकात फ्रान्समधल्या श्रीमंतांच्या घरात एक बुटकं भांडं असायचं. त्यावर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि धुवायचं. पुढे त्याला नळ आले आणि तो कमोडशेजारी स्वतंत्र बसवला जाऊ लागला. इटलीत तर 1975 च्या सरकारी आदेशाने घराच्या बाथरूममध्ये बिडे असणं बंधनकारक केलं. जपानच्या टोटो कंपनीने 1980 मध्ये 'वॉशलेट' आणला. यात कमोडच्या सीटखालून एक नळी बाहेर येते, कोमट पाण्याचा फवारा मारते आणि परत आत जाते. फिनलंडमध्ये बहुतेक संडासात आपल्यासारखाच हातात धरायचा स्प्रे असतो. म्हणजे 'गोरे लोक कागद वापरतात' हे सरसकट खरं नाही.

कागदाची गोष्टही मुळात पाश्चात्त्य नाही. शौचासाठी कागद वापरल्याचे जुने उल्लेख चीनमधले आहेत, सहाव्या शतकातले. अमेरिकेत जोसेफ गेटी या माणसाने खास या कामासाठी बनवलेला कागद विकायला काढला तो 1857 मध्ये. इकडे उठाव पेटला होता त्याच वर्षी.

आपल्याकडच्या दुकानात 'बिडे' मागितलात तर दुकानदार बहुधा तोंडाकडे बघेल. इथे दोन वस्तू मिळतात. एक, भिंतीला अडकवायचा, खटका दाबला की पाणी येणारा 'हेल्थ फॉसेट' किंवा 'जेट स्प्रे'. दुसरी, कमोडच्या आतच मागच्या बाजूला बसवलेली बारीक नळी, तिला नुसतं 'जेट' म्हणतात. स्वच्छतेच्या दृष्टीने पहिली बरी. आतली नळी कायम घाणीच्या वाटेत असते आणि ती कोणी घासत नाही. जपानी सीटमधली नळी काम झालं की आत सरकते, त्यामागचं एक कारण हेच.

टमरेलाचा इतिहास कोण लिहिणार?

सोलापूर हे मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारं गाव. त्यामुळे या भांड्यालाही इथे तीन नावं ऐकू येतात. मराठीत तांब्या किंवा टमरेल, कन्नडमध्ये तंबिगे, तेलुगूत चेंबू. गिरणगावातल्या चाळी आणि वस्त्यांमधले सार्वजनिक संडास असे की आत नळ असेलच याची खात्री नाही, म्हणून पाणी घरून न्यायचं. हातात टमरेल दिसलं की माणूस कुठे निघालाय हे विचारावं लागत नाही. उघड्यावर जाणाऱ्यांना अडवायला पहाटे फिरणारी 'गुड मॉर्निंग पथकं' टमरेलावरच नजर ठेवून असायची. रेल्वेच्या डब्यात साखळीने बांधलेला स्टीलचा मग हा त्याचाच सरकारी भाऊ.

टमरेलाची अडचण एकच. एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने धुवायचं, म्हणजे घाण हाताला लागणारच. स्प्रेमुळे हाताचं काम कमी होतं. गुडघे किंवा खांदे आखडलेल्या म्हाताऱ्या माणसांना, ऑपरेशन झालेल्यांना आणि गरोदर बायकांना हा फरक मोठा वाटतो. हात साबणाने धुणं मात्र दोन्हीत सुटत नाही.

कागदापेक्षा पाणी बरं का?

मूळव्याध किंवा फिशर असेल तर कोरडा कागद घासणं त्रासदायक असतं. अशा वेळी पाण्याने हलकेच धुवून टिपून घ्या, असंच डॉक्टर सांगतात. पण फवाऱ्याचेही नियम आहेत. बायकांनी पाण्याची धार पुढून मागे जाईल अशी धरावी. उलट दिशेने मारली तर शौचातले जंतू लघवीच्या मार्गाकडे ढकलले जातात आणि लघवीचा संसर्ग होऊ शकतो. योनीच्या आत फवारा मारू नये. दाब जास्त ठेवून बराच वेळ धूत बसलं तर त्वचा कोरडी पडते आणि खाज सुटते. तिथे रोज साबण लावायचीही गरज नसते.

कागदाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे त्याने कोरडं होता येतं. धुतल्यावर तसंच ओलं उठून कपडे चढवणं, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात, म्हणजे जांघेतल्या गजकर्णाला आमंत्रण.

पण पाणीच नसेल तर?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. सोलापूर शहराला पाणी मिळतं ते प्रामुख्याने भीमेवरच्या उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटर लांबून. शिवाय टाकळीचा उपसा आणि हिप्परग्याचा तलाव आहे. तरीही वर्षानुवर्षं शहराने चार-पाच दिवसांआड नळ पाहिलाय. उजनीची समांतर जलवाहिनी हा तर निवडणुकीगणिक येणारा विषय. अशा गावात स्प्रे म्हणजे उधळपट्टी, असं घरातले मोठे म्हणतात. हिशोब मांडून बघू.

चार माणसांचं घर धरा. प्रत्येकाने दिवसातून एकदा धुवायला दीड लिटर वापरलं तर दिवसाचे सहा आणि पाच दिवसांचे 30 लिटर. हजार लिटरच्या टाकीतले तीन टक्के. आता फ्लश बघा. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. प्रत्येकाने दिवसातून चारदा ओढली तर दिवसाचे 160, पाच दिवसांचे 800 लिटर! टाकी इथे रिकामी होते, धुण्यात नाही. सहा आणि तीन लिटरचा दोन बटणांचा फ्लश बसवला आणि चारपैकी तीनदा छोटं बटण दाबलं, तर पाच दिवसांचा आकडा 300 वर येतो. तुमचा स्प्रे किती पाणी पितो हे बघायचं असेल तर बादलीत दहा सेकंद मारा आणि लिटरच्या मापाने मोजा. खटका अर्धाच दाबला तरी काम होतं, हे तेव्हा कळेल.

धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. स्प्रेची पाइप सतत दाबाखाली राहिली की कधीतरी फुटते किंवा खटक्यातून गळायला लागते. घरात कोणी नसताना ती फुटली तर अख्खी टाकी संडासात जाते, आणि पुढचं पाणी पाचव्या दिवशी. म्हणून भिंतीवरचा अँगल कॉक प्रत्येक वेळी बंद करायचा. घरातल्या चौघांनी चारही वेळा. ही सवय लागत नसेल तर स्प्रे न बसवलेला बरा, असं माझं मत आहे.

दुसरा धोका पिण्याच्या पाण्याचा. काही घरांत स्प्रेची जोडणी वरच्या टाकीवरून न घेता थेट महापालिकेच्या लाईनवरून घेतलेली असते. नळ गेला की लाईनमध्ये पोकळी तयार होते आणि पाणी मागे ओढलं जातं. शेजाऱ्याने लाईनला मोटर लावली असेल तर आणखी जोरात. अशा वेळी स्प्रेचं तोंड संडासाच्या बादलीत बुडालेलं असेल आणि खटका नीट बंद होत नसेल, तर ते पाणी लाईनमध्ये जाऊ शकतं. ब्रिटनच्या पाणी नियमांत अशा स्प्रेचा धोका सर्वांत वरच्या श्रेणीत धरतात, तो याच कारणाने. आणि तिथे नळाला चोवीस तास पाणी असतं! आपल्याकडे चालू-बंद होणाऱ्या लाईनवर ही काळजी दुप्पट हवी. स्प्रेची जोडणी फक्त गच्चीवरच्या टाकीतून घ्यावी, प्लंबरकडून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा आणि स्प्रे नेहमी हुकाला टांगावा, बादलीत टाकू नये.

गच्चीवरच्या टाकीचं आणखी एक. जपानी माणूस कोमट पाण्यासाठी वीज जाळतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी काळ्या टाकीतून जे पाणी येतं त्याला कोमट म्हणत नाहीत. आधी थोडं पाणी भांड्यात सोडून हाताला लावून बघा, मगच फवारा मारा. बोअरच्या जड पाण्याने स्प्रेची भोकं क्षार साचून बुजतात आणि धार वाकडी येते. ते तोंड काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं की मोकळं होतं.

परदेशातल्या मराठी घरांत

लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आईच्या बॅगेत प्लास्टिकचा मग असतो, हा विनोद नाही. तिथली बाथरूमची जमीन कोरडी ठेवायची असते आणि मोरी नसते. त्यामुळे मगाने धुताना पाणी सांडलं तर खालच्या मजल्यावर गळतं. कमोडच्या सीटखाली बसणारा साधा, विजेशिवाय चालणारा बिडे तिथे सोयीचा पडतो. फ्लशच्या टाकीला येणाऱ्या नळीवर टी जोडायचा आणि तिथून पाणी घ्यायचं. घर भाड्याचं असलं तरी सोडताना काढून नेता येतो. थंडीत धार बर्फासारखी लागते, ही त्याची तक्रार.

आता कोरडं होण्याचं. त्यासाठी कागद विकत आणायचा असेल तर एक-दोन चौकोन पुरतात. नाहीतर टेरी टॉवेलसाठी भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या गावात राहून एवढा विचार कशाला? प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा छोटा नॅपकिन ठेवा, एकमेकांचा वापरू नका, रोज धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ऊन इथे भरपूर आहे.