धामापूरचा तलाव आणि आशियातलं ओलित

मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी मातीचा बांध घालून तो बांधला, असं सांगितलं जातं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याची जागतिक सिंचन वारसा म्हणून नोंद केली.

इथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मग पाणी साठवायची गरज का पडावी? कारण जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि नद्या आखूड. त्यामुळे पाणी लवकरच समुद्राला मिळतं. पुढे वायंगणी भात आणि माडा-पोफळींच्या बागा जगवायच्या, तर पाणी अडवायलाच हवं. म्हणून पाऊस सरला की गावकरी व्हाळांवर दगड-मातीचे कच्चे बंधारे घालतात आणि पाटाने पाणी शेतात नेतात.

आशियात ओलिताची जमीन शतकानुशतकं अशाच कामांनी वाढत गेली. श्रीलंका आणि तमिळनाडूतले तलाव ही त्याची उदाहरणं. एकोणिसाव्या शतकात मोठे कालवे आले. गंगेचा कालवा १८५४ साली सुरू झाला. त्यांना सपाट मैदान लागतं, ते कोकणात कुठलं? विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठी धरणं बांधली गेली आणि १९७० नंतर विहिरी व कूपनलिकांवर पंप बसले. जगातलं ओलित १९६१ मध्ये सुमारे १४ कोटी हेक्टर होतं, ते २०१० च्या सुमारास ३० कोटींच्या वर गेलं. त्यातलं सुमारे ७० टक्के आशियात आहे. भारतात तर आज निम्म्याहून अधिक ओलित भूजलावर होतं.

तलावाचं पाणी असो वा कूपनलिकेचं, भिजलेलं एक हेक्टर आकडेवारीत एकच हेक्टर असतं. पण तलाव दर पावसाळ्यात भरतो. कूपनलिका मात्र अनेक वर्षांत मुरलेलं पाणी उपसते. पंजाबात उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला आणि भूजलाची पातळी खोल गेली. ओलिताचा आलेख चढता दिसतो, पण ते किती काळ टिकेल हे त्यावरून कळत नाही.

वर्गात हे पडताळून पाहता येईल. सातबाऱ्यावर जलसिंचित आणि अजलसिंचित क्षेत्राबरोबर सिंचनाचं साधनही नोंदवलेलं असतं. आपल्या गावाच्या अशा नोंदी मुलांना गोळा करू द्या. विहीर, व्हाळ, तलाव अशी साधनांनुसार बेरीज मांडा आणि प्रत्येकापुढे लिहायला सांगा: हे पाणी पुन्हा भरतं कधी?